गोळी पोटात गेली, पण रक्तात पोहोचली का?

शेताला पाणी सोडले म्हणजे ते पिकाला मिळालेच, असे कोणी जाणता शेतकरी म्हणणार नाही. उताराच्या रानात पाणी वाहून जाते. कडक झालेल्या जमिनीवर ते साचते आणि उन्हाने उडून जाते. मुळापर्यंत जेवढे पोहोचले तेवढेच पिकाच्या उपयोगाचे. औषधाचेही तसेच आहे. आपण गोळी तोंडात टाकतो, वर पाणी पितो आणि औषध घेतले असे समजतो. खरे पाहता ती गोळी अजून शरीराच्या बाहेरच आहे, असे म्हटले तरी चालेल. तोंडापासून शौचाच्या जागेपर्यंत अन्नमार्ग म्हणजे एक लांबच लांब नळी. या नळीच्या भिंतीतून पार होऊन जे रक्तात उतरते तेच बहुतेक औषधांच्या बाबतीत कामाचे. बाकीचे वाटेत नासते किंवा शौचावाटे निघून जाते.

ही भिंत ओलांडायला औषधाला मदत कशी करावी, यावर जगभर संशोधन चालू आहे. त्यासाठी जे पदार्थ हाताशी घेतले जातात त्यांतले पुष्कळसे आपल्या ओळखीचे आहेत: कोळंबीची साले, गवारीचे बी, इसबगोल, समुद्रातले शेवाळ, सरकीवरची लव. शेतकरी बंधुभगिनींनो, हा विषय केवळ प्रयोगशाळेतला नाही. आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या आपण कुटून देतो की नाही, इसबगोल आणि औषध एकाच वेळी घेतो की नाही, याच्याशी त्याचा सरळ संबंध आहे.

आतड्याचा बंदोबस्त

आपले लहान आतडे सुमारे ६ मीटर, म्हणजे जवळजवळ २० फूट लांब असते. त्याच्या आतल्या अंगाला घड्या असतात आणि घड्यांवर बोटांसारखे बारीक अंकुर असतात. प्रत्येक अंकुर साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी उंचीचा. या रचनेमुळे थोड्या जागेत मोठा पृष्ठभाग मावतो. अन्नमार्गाचा आतला पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले आढळते. २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजणी केली, तेव्हा तो सुमारे ३० चौरस मीटर भरला. म्हणजे दोन मोठ्या खोल्यांची जमीन समजा. तेवढाही काही थोडा नव्हे.

या भिंतीवर तीन पहारे आहेत. पहिला पहारा जठरातील आम्लाचा आणि पाचक रसांचा. मांस, डाळ, अंडी यांतील प्रथिने तोडण्यासाठी ते रस आहेत. औषध प्रथिनाचे असेल तर ते अन्न आहे की औषध, हे त्या रसांना समजत नाही. ते त्याचेही तुकडे करतात. दुसरा पहारा चिकट बुळबुळीत थराचा, ज्याला शास्त्रात श्लेष्म म्हणतात. हा थर सतत नवा तयार होतो आणि जुना वाहून जातो. त्याला चिकटलेले औषधही त्याबरोबर वाहून जाऊ शकते. तिसरा पहारा पेशींचा. या पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात आणि दोन पेशींमधील फट घट्ट शिवल्यासारखी बंद असते. पाण्याचे व क्षारांचे अगदी लहान कण तेवढे त्या शिवणीतून जाऊ शकतात.

हा बंदोबस्त आपल्या भल्यासाठीच आहे. आतड्यात असंख्य जंतू राहतात. त्यांची विषे रक्तात जाऊ नयेत म्हणून ही शिवण हवीच. मात्र त्याच शिवणीपाशी काही मोलाची औषधेही अडतात.

सुई टोचावी का लागते?

पॅरासिटामॉलची गोळी घेतली की थोड्याच वेळात ताप उतरू लागतो. त्या औषधाचा रेणू लहान आहे. त्याचा रेणुभार १५१ आहे. तो पेशींमधून सहज पार होतो. इन्सुलिनचा रेणुभार सुमारे ५,८०० आहे. म्हणजे तो जवळजवळ ३८ पट जड झाला. शिवाय इन्सुलिन हे प्रथिन. गोळी करून गिळले तर त्याचा बराचसा भाग पाचक रसच खाऊन टाकतात आणि जो वाचेल तो फटीतून जाऊ शकत नाही.

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरोंटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे इंजेक्शन देण्यात आले. मधुमेहाच्या रुग्णावर या औषधाचा तो पहिलाच प्रयोग. त्याआधी अशा मुलांना मरणाखेरीज दुसरी वाट नव्हती. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ एकच प्रश्न विचारीत आहेत: हेच औषध तोंडाने देता येईल का?

अडचण केवळ इन्सुलिनची नाही. क्षयरोगावरील जुने स्ट्रेप्टोमायसिन आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ते रोज सुईनेच घ्यावे लागे, कारण तोंडाने घेतल्यास ते आतड्यातून जवळजवळ शोषले जात नाही. जेन्टामायसिनचेही तेच. आणखी काही औषधे पेशीत शिरतात, पण पेशीतले पंप त्यांना उलट बाहेर फेकतात, विहिरीतले पाणी उपसून टाकावे तसे.

ज्या गावात दवाखाना दूर आहे, दिवसातून अनेक तास वीज नसते आणि इन्सुलिन थंड ठेवायला फ्रिज नाही, त्या गावात सुईऐवजी गोळी मिळाली तर केवढी सोय होईल! म्हणूनच या संशोधनाकडे आपण आस्थेने पाहिले पाहिजे.

माळेतले मणी

निसर्गातले पुष्कळ पदार्थ माळेसारखे असतात. एकाच जातीचे लहान मणी एकापुढे एक ओवावेत, तसे शेकडो-हजारो लहान रेणू जोडून एक लांब साखळी होते. तिला पॉलिमर म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत बहुवारिक असा शब्द आहे. तांदळातला स्टार्च आणि कापसाचा धागा या दोन्ही साखळ्या ग्लुकोजच्याच मण्यांच्या आहेत. मणी एकच, पण ओवण्याची तऱ्हा निराळी. त्यामुळे एक आपण खातो आणि दुसरा अंगावर घालतो.

औषधाच्या कारखान्यात ही बहुवारिके फार पूर्वीपासून आहेत. साध्या गोळीत स्टार्च घालतात. पाणी लागताच तो फुगतो आणि गोळी फुटते. कॅप्सूलचे टरफल बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. परंतु ही झाली वाहकाची कामे, डोक्यावरच्या पाटीसारखी. आतड्याच्या भिंतीशी बोलणी करणारे बहुवारिक म्हणून शास्त्रज्ञांनी ज्याच्याकडे विशेष लक्ष दिले ते म्हणजे कायटोसान.

सुंगटांच्या सालीतून

कोळंबी, जिला आपल्यापैकी अनेक घरांत सुंगटे म्हणतात, सोलली की डोके आणि साल उकिरड्यावर जातात. कोळंबीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग असा वाया जातो. त्या सालीत प्रथिन असते, चुनखडीचा क्षार असतो आणि कायटिन नावाचे बहुवारिक असते. खेकड्याची पाठ आणि किड्यांचे कवच यांतही कायटिन असते. ते अळंबीतही सापडते. किंबहुना ते पहिल्यांदा अळंबीतच सापडले. १८११ मध्ये हेन्री ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते शोधले. पुढे १८५९ मध्ये रूजे या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कायटिन दाहक अल्कलीत उकळले, तेव्हा आम्लात विरघळणारा एक नवा पदार्थ मिळाला. तोच कायटोसान.

आज कारखान्यात पद्धत साधारण तीच आहे. साले सौम्य कॉस्टिक सोड्यात ठेवून प्रथिन काढतात, सौम्य आम्लात ठेवून चुना काढतात आणि उरलेले कायटिन तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवून कायटोसान बनवितात. आपल्या देशात कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या कामी मोलाचे संशोधन केले आहे.

कायटोसानचा एक गुण विरळा आहे. निसर्गातल्या बहुतेक साखळ्यांवर विजेचा ऋण भार असतो किंवा भारच नसतो. कायटोसानवर आम्लात धन भार येतो. आतड्याच्या बुळबुळीत थरावर ऋण भार असतो. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, म्हणून कायटोसान त्या थराला चिकटून राहते. औषध वाहून जाण्याऐवजी भिंतीपाशी थांबते.

एवढ्यावरच त्याचे काम संपत नाही. पेशींना ते लागले की दोन पेशींमधील ती घट्ट शिवण थोडा वेळ सैल होते. १९९४ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी आतड्याच्या पेशींवर हे दाखविले. त्याच वर्षी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे लिस्बेथ इल्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या व उंदरांच्या नाकात कायटोसानबरोबर इन्सुलिन घातले. नुसते इन्सुलिन घातल्यापेक्षा ते पुष्कळ जास्त प्रमाणात रक्तात गेले. विशेष म्हणजे कायटोसान दूर झाले की शिवण पुन्हा घट्ट होते. भिंत पाडून आत शिरणे वेगळे आणि दार किलकिले करून पुन्हा लावणे वेगळे. शास्त्रज्ञांना आशा वाटली ती या दुसऱ्या गोष्टीमुळे.

मग गोळी अजून का नाही?

कायटोसान आम्लात विरघळते. आम्लता कमी झाली की ते घट्ट होऊन खाली बसते आणि त्याचा धन भारही जातो. लहान आतड्यात पुढे पुढे आम्लता फारशी उरत नाही. म्हणजे जिथे काम करायचे तिथेच हा गडी थकतो. त्यावर उपाय म्हणून हॉलंडमधील लायडन येथे कायटोसानच्या रेणूत बदल करून ट्रायमिथाइल कायटोसान तयार करण्यात आले. ते आम्ल नसतानाही विरघळलेले राहते. दुसरा उपाय अतिसूक्ष्म कणांचा. १९९७ मध्ये स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथील संशोधकांनी कायटोसानचे असे कण करून त्यांत प्रथिने भरण्याची सोपी रीत दाखविली. कणाच्या पोटात बसलेले औषध पाचक रसांपासून काही अंशी वाचते.

प्राण्यांवरील प्रयोगांत या उपायांना यश आले. परंतु उंदराचे आतडे आणि माणसाचे आतडे यांत फरक आहे. माणसाच्या पोटात अन्न असते, पाणी असते, रसांचे प्रमाण रोज बदलते. आज दहा हिस्से औषध शोषले गेले आणि उद्या दोनच, असे इन्सुलिनच्या बाबतीत चालत नाही. कमी पडले तर साखर चढते. जास्त झाले तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, शुद्ध हरपते आणि जीवही जाऊ शकतो. शिवाय जे दार इन्सुलिनसाठी उघडले त्यातून जंतूंची विषे आत शिरणार नाहीत ना, हेही तपासावे लागते. म्हणून कायटोसानवर आधारलेली, तोंडाने घेण्याची इन्सुलिनची गोळी रुग्णांसाठी अद्याप बाजारात आलेली नाही. तशी कोणी विकत असेल तर ती फसवणूक समजावी.

तोंडाने देण्याचा हा मार्ग अगदीच बंद आहे असे मात्र नाही. मधुमेहावरील सेमाग्लुटाइड हे इन्सुलिनहून वेगळे औषध पूर्वी इंजेक्शनानेच मिळे. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याच्या गोळीला मान्यता मिळाली. त्या गोळीत औषध पार नेणारा एक कृत्रिम मदतनीस आहे. तो बहुवारिक नाही. तरीही गिळलेल्या औषधापैकी साधारण शंभरात एक हिस्साच रक्तात जातो. इंजेक्शनाने आठवड्यातून एकदा १ मिलिग्रॅम द्यावे लागते, तर त्या गोळीची मोठी मात्रा रोज १४ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला ९८ मिलिग्रॅम. ती सकाळी उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास चहासुद्धा प्यायचा नाही. आतड्याचा बंदोबस्त किती कडक आहे, हे या एका हिशेबावरून ध्यानात यावे.

गवार, इसबगोल आणि सरकी

आता आपल्या रानातल्या बहुवारिकांकडे येऊ. गवारीच्या बियांपासून काढलेला डिंक पाण्यात फुगून दाट खळीसारखा होतो. जगातील बहुतेक गवार भारतातच पिकते, मुख्यतः राजस्थानात. हा डिंक वरच्या आतड्यात पचत नाही; मोठ्या आतड्यातील जंतू मात्र तो खातात. म्हणून जे औषध मोठ्या आतड्यातच पोहोचवायचे आहे त्याला गवारीच्या डिंकाचे वेष्टण द्यावे, अशी कल्पना पुढे आली. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात तिच्यावर बरेच काम झाले. औषध वाटेत खर्च न होता मुक्कामी उतरावे, हा त्यामागचा हेतू.

सरकीवर कापूस काढल्यानंतर जी आखूड लव राहते तिच्यापासून आणि लाकडाच्या लगद्यापासून सेल्युलोज मिळते. त्यावर प्रक्रिया करून हायप्रोमेलोज नावाचा पदार्थ बनवितात. मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांत तो पुष्कळदा असतो. अशी गोळी पोटात गेली की तिच्याभोवती खळीसारखा थर तयार होतो आणि औषध त्यातून तासन्‌तास झिरपत राहते, ठिबक सिंचनासारखे.

परंतु जो पदार्थ औषधाला धरून ठेवतो तोच त्याला अडवूही शकतो. गवारीचा डिंक मोठ्या मात्रेत घेतल्यास पेनिसिलिनच्या तोंडाने घेण्याच्या एका प्रकाराचे शोषण कमी होते, असे आढळले आहे. इसबगोलाने बद्धकोष्ठ जाते हे खरे, पण त्याच वेळी घेतलेले दुसरे औषध त्याच्या बुळबुळीत गोळ्यात अडकू शकते. कायटोसानच्या कॅप्सूल वजन घटविण्यासाठी विकतात. त्या चरबीला धरतात असे सांगतात. परंतु त्या नको ते, म्हणजे काही जीवनसत्त्वे आणि औषधेही धरू शकतात. एकच साखळी कारखान्यात मोजून-मापून बसविली तर दार उघडते आणि घरी अंदाजाने खाल्ली तर तेच दार लावून घेते.

घरी पाळावयाच्या गोष्टी

१. पाकिटावर एस.आर., ई.आर., एक्स.एल. किंवा एंटेरिक कोटेड असे लिहिलेली गोळी कुटू नये, चावू नये, गुळात कालवू नये. दीर्घकाळ चालणारी गोळी कुटली तर दिवसभराचे औषध एकदम सुटते. रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्यांत हे धोक्याचे आहे. एंटेरिक कोटेड गोळीचे वेष्टण आम्लापासून बचावासाठी असते. ते फोडले तर औषध जठरातच नासू शकते. काही गोळ्या मधल्या रेघेवर मोडता येतात, पण ते औषधवाल्याला विचारूनच करावे.

२. म्हाताऱ्या माणसाला गोळी गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. पुष्कळदा तेच औषध पातळ स्वरूपात किंवा साध्या गोळीत मिळते.

३. मेटफॉर्मिनची दीर्घकाळ चालणारी गोळी घेणाऱ्याच्या शौचात कधी कधी गोळीचे मऊ टरफल दिसते. औषध निघून गेलेले असते, उरतो तो बहुवारिकाचा सांगाडा. गोळी लागू पडली नाही असे समजून दुसरी घेऊ नये.

४. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावे. त्यात आणि इतर औषधांत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे.

५. उपाशीपोटी घ्या असे सांगितलेले औषध जेवणापूर्वी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावे. क्षयावरील रिफॅम्पिसिन आणि थायरॉइडची गोळी यांचे शोषण अन्नामुळे कमी होते. थायरॉइडच्या गोळीबरोबर लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ नयेत. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नये.

६. कोळंबी-खेकडे खाऊन ज्यांच्या अंगावर पित्त उठते किंवा दम लागतो, त्यांनी कायटोसान असलेली कोणतीही वस्तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्त पातळ करण्याचे वॉरफरिन घेणाऱ्यांनीही तेच पाळावे.

७. घरी कायटोसान करण्याच्या भानगडीत पडू नये. तीव्र कॉस्टिक सोडा कातडी व डोळे जाळतो. सुंगटांची साले मात्र टाकून न देता कंपोस्टच्या खड्ड्यात मातीखाली पुरावीत. त्यातून जमिनीला नत्र आणि चुना मिळतो.

८. सर्वांत महत्त्वाचे. इन्सुलिनचे इंजेक्शन चालू असलेल्या रुग्णाने कोणाच्याही सांगण्यावरून ते बंद करून चूर्ण किंवा गोळी सुरू करू नये. लहान मुलांच्या मधुमेहात इन्सुलिन काही दिवस थांबले तरी प्राणावर बेतते.

सुईचा कंटाळा कोणाला येत नाही? पण जोवर आतड्याचे दार मोजून उघडता येत नाही, तोवर ती सुईच मधुमेही मुलाला जगविते आहे. संशोधन त्याच्या गतीने चालू द्यावे. आपल्या हाती आहे ते एवढेच, की मिळालेले औषध सांगितल्या वेळी, सांगितल्या रीतीने घ्यावे आणि गोळीचे वेष्टण ही शोभा नसून औषधाचाच भाग आहे हे ध्यानात ठेवावे. घरात जो कोणी गोळ्या देतो, मग ती सून असो की शाळेत जाणारा नातू, त्याला हे मुद्दे वाचून दाखवावेत.